तलावापर्यंत न जाता तलावाचा अभ्यास: तुळशीच्या खोऱ्यातली पायवाट

ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, येऊरच्या डोंगरापलीकडे काय आहे? बहुतेक जण सांगतील, "बोरिवली." बरोबरच आहे. पण मध्ये आणखी काहीतरी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण १०४ चौरस किलोमीटर जंगलात दोन तलाव आहेत, तुळशी आणि विहार. एकीकडे ठाणे, दुसरीकडे मुंबईची उपनगरं, आणि या गजबजाटाच्या ऐन मध्यावर असलेलं तुळशीचं पाणी फार थोड्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. कारण ते पिण्याचं पाणी आहे आणि भोवती बिबट्यांचं जंगल आहे. तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही.

पण जंगलातल्या ओढ्याकाठच्या काही वाटा रीतसर नोंदणी करून, वाटाड्याला सोबत घेऊन चालता येतात. दहिसर नदीच्या वरच्या अंगाला असलेली शिलोंढ्याची वाट त्यातली सगळ्यांत ओळखीची. वाट नदीच्या कडेने जाते, सावली दाट असते, पावसाळ्यानंतर पाणी खळाळत असतं. आणि तलाव? तो तुम्हाला दिसत नाही.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याला याहून चांगला वर्ग मिळणार नाही, असं माझं मत आहे. कारण पीएचडीत तुमच्या वाट्याला येणारा प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो. ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिथपर्यंत थेट पोहोचता येत नाही. कधी परवानगी नसते, कधी पैसे नसतात, कधी ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडून गेलेली असते. मग तिच्याबद्दल प्रामाणिकपणे काही सांगायचं तर कसं? या लेखात आपण तुळशीचं उदाहरण घेऊन तीन पायऱ्या बघू. आधी सीमा आखायची, मग हिशेब मांडायचा, आणि शेवटी आपण चाललेली वाट आपल्याला कुठे फसवते ते ओळखायचं.

पायरी १: सीमा आखा

समजा या डोंगररांगेच्या माथ्यावर पावसाचे चार थेंब पडले. पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब ठाणे शहराकडे उतरेल आणि ठाण्याच्या खाडीला मिळेल. उपवन तलाव याच उताराच्या पायथ्याशी आहे. उत्तरेकडचा थेंब चेण्याच्या नदीतून घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीत जाईल. वायव्येकडचा दहिसर नदीतून मनोरीच्या खाडीकडे जाईल. आणि तुळशीच्या वाटीत पडलेला थेंब तुळशीतून विहारला, विहार भरलं की मिठी नदीत, आणि तिथून माहीमच्या खाडीत जाईल. चारही थेंब शेजारी शेजारी पडले असले तरी समुद्राला मिळताना त्यांच्यात कित्येक किलोमीटरचं अंतर पडलेलं असतं.

हे थेंब वेगळे करणारी जी रेषा असते तिला जलविभाजक म्हणतात, आणि ज्या भागातलं पाणी एका ठिकाणी गोळा होतं तो त्या ठिकाणचा पाणलोट. तुळशीचा पाणलोट ६.७६ चौरस किलोमीटरचा आहे. एवढी जागा एका दिवसात पायी फिरून होईल.

सीमा आखणं हे नुसतं नकाशाचं काम वाटतं. क्यूजीआयएस उघडा, भूरूपाचं ३० मीटरचं प्रारूप उतरवून घ्या, बटण दाबा, पाणलोट तयार! पण इथेच एक गंमत आहे. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं. ते काही वर्षांतच अपुरं पडायला लागलं. म्हणून टासो नदी अडवून तिचं पाणी विहारकडे वळवायचं ठरलं, आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. म्हणजे तुळशीचं पाणी आज ज्या दिशेने जातं ती दिशा निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी ठरवलेली आहे.

याचा परिणाम काय होतो ते बघा. दहिसर नदीचा उगम तुळशी तलावापाशी, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. आणि तुळशी भरून वाहू लागला की पाणी विहारला जातं, असंही दर पावसाळ्यात बातमीत येतं. मग नेमकं खरं काय? दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. एक विधान डोंगराच्या मूळ उताराबद्दल आहे, दुसरं बांधलेल्या मार्गाबद्दल. संगणकाला मात्र फक्त उतार कळतो. सांडवा, बोगदा, नळ यातलं त्याला काही कळत नाही.

तेव्हा पहिला धडा असा: तुमच्या अभ्यासाची सीमा आपोआप मिळत नसते. ती निवडावी लागते, आणि का निवडली हे लिहावं लागतं. विषय पाण्याचा नसला तरी हे लागू आहे. "ठाणे शहर" म्हणजे महापालिकेची हद्द, की लोकलने रोज जोडला जाणारा सगळा पट्टा? "कुटुंब" म्हणजे एका छताखाली राहणारे, की एका रेशनकार्डावरचे? सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर ही रेषा स्पष्ट नसेल, तर पुढचं सगळं मोजमाप डळमळीत होतं.

पायरी २: हिशेब मांडा

आता तलाव न बघता त्याच्याबद्दल काही सांगता येतं का, ते पाहू. लागणारं सूत्र तुमच्या आईच्या घरखर्चाच्या वहीत आहे: आलं किती, गेलं किती, उरलं किती. जलशास्त्रात यालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

एक सोपी किल्ली लक्षात ठेवा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी होतं. या भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मि.मी.च्या आसपास पाऊस धरला, तर तुळशीच्या ६.७६ चौ. कि.मी. पाणलोटावर वर्षभरात पडणारं पाणी झालं १,६९० कोटी लिटर. तुळशीची साठवणक्षमता आहे ८०४.६ कोटी लिटर. म्हणजे क्षमतेच्या दुपटीहून जास्त पाणी आभाळातून येतं. एवढ्या एका भागाकारावरूनच कळतं, की हा तलाव बहुतेक वर्षी काठोकाठ भरणार.

आता खर्चाची बाजू. तुळशीतून मुंबईला रोज १.८ कोटी लिटर पाणी दिलं जातं. शहराच्या रोजच्या एकूण पुरवठ्यात हा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. वर्षाचे झाले ६५७ कोटी. तलावाचा पृष्ठभाग १.३५ चौ. कि.मी. आहे. त्यावरून वर्षाला दीड मीटर पाण्याची वाफ होते असं गृहीत धरू. ते झाले साधारण २०३ कोटी. उरलेल्या ५.४१ चौ. कि.मी.वर जंगल आहे. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात, मातीतूनही वाफ होते. त्यासाठी वर्षाला १,००० मि.मी. गृहीत धरू. ते झाले ५४१ कोटी.

बेरीज करा: ६५७ + २०३ + ५४१ = १,४०१ कोटी लिटर. आलेल्या १,६९० मधून वजा केले की उरतात २८९ कोटी. हे पाणी सांडव्यावरून विहारकडे जातं किंवा खडकातून झिरपतं.

आता गाइड जो प्रश्न हमखास विचारणार तो आपणच आधी विचारू: "यातलं खात्रीचं किती आणि गृहीत किती?" पाणलोट, क्षमता, रोजचा पुरवठा हे नोंदलेले आकडे आहेत. बाष्पीभवनाचा आणि झाडांच्या खर्चाचा आकडा मी धरलेला आहे. सरासरी पाऊसही पूर्णांकात घेतलेला आहे. मग गृहीतक हलवून बघायचं. पाऊस २,५०० ऐवजी १,८०० मि.मी. धरला तर येणारं पाणी १,२१७ कोटीच भरतं, आणि खर्च तेवढाच राहिला तर १८४ कोटींची तूट येते. म्हणजे आपल्या हिशेबानुसार अशा वर्षाच्या शेवटी तलावातला साठा सुरुवातीपेक्षा कमी दिसला पाहिजे. बघा, आता तुमच्या हातात तपासता येण्यासारखं विधान आलं! महापालिका तलावांतल्या साठ्याचे आकडे रोज जाहीर करते. कमी पावसाची वर्षं शोधा आणि ताडून पाहा. चुकलं तर कुठलं गृहीतक चुकलं ते शोधा. संशोधन म्हणजे बहुतांशी हेच.

या हिशेबात एक मोठी पळवाट मात्र आहे, ती म्हणजे काळाचं माप. आपण वर्षाचा ताळेबंद मांडला. पण आपल्याकडे पाऊस वर्षभर पडत नाही, जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षीही तलाव ऑगस्टमध्ये ओसंडू शकतो आणि मे महिन्यात खाली जाऊ शकतो. वर्षाच्या बेरजेत हे दिसणारच नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. तेवढा पाऊस तुळशीच्या पाणलोटावर पडला असं धरलं, तर एका दिवसात ६३८ कोटी लिटर होतात, म्हणजे तलावाच्या क्षमतेच्या जवळपास ८० टक्के. आणि त्याच दिवशी पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मि.मी.सुद्धा पाऊस नव्हता! आता विचार करा, तुम्ही तुमच्या प्रबंधात तुळशीसाठी कुठल्या केंद्राचा पाऊस वापरणार? "मुंबईचा पाऊस" असं एक वाक्य लिहून चालेल का?

हे नुसतं आकड्यांचं कौतुक नाही. विहार भरून वाहिलं की पाणी मिठीत उतरतं, आणि मिठीकाठी कुर्ल्यासारख्या दाट वस्त्या आहेत. डोंगरातल्या वाटीत पाणी किती वेळ थांबतं, यावर खाली राहणाऱ्या माणसांच्या घरात किती पाणी शिरणार, हे काही अंशी ठरतं.

मध्येच एक गैरसमज: जंगल पाणी "वाढवतं" का?

आपल्या ताळेबंदात एक अडचणीची ओळ आहे. जंगलाने ५४१ कोटी लिटर खर्च केले. म्हणजे झाडं पाणी पितात. "झाडं लावा, पाणी वाढवा" ही पाटी आपण शाळेपासून वाचत आलोय. मग?

याचं उत्तर शोधण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे, शेजारच्या दोन खोऱ्यांची तुलना. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाच्या जंगलात १९६३ पासून छोट्या छोट्या खोऱ्यांतल्या पाण्याचं आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचं मोजमाप सुरू झालं. १९६५ च्या अखेरीस एका खोऱ्यातली सगळी झाडं पाडली आणि शेजारचं खोरं तसंच ठेवलं. झाडं गेलेल्या खोऱ्यातल्या ओढ्याचं पाणी कमी झालं नाही, उलट वाढलं. पण त्याचबरोबर पाण्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं. झाडं जे पोषण धरून ठेवत होती ते वाहून जायला लागलं.

म्हणजे जंगलाचं काम पाण्याची बेरीज वाढवणं हे नाही. पाणी कसं आणि कधी येईल, हे जंगल ठरवतं. पानांचा थर पावसाचा मारा झेलतो, माती सैल राहते, पाणी आत मुरतं, ओढ्यात हळूहळू उतरतं आणि येताना गाळ कमी आणतं. पिण्याच्या पाण्यासाठी हे लिटरच्या आकड्याइतकंच मोलाचं आहे.

संशोधनाला निघालेल्या विद्यार्थ्याने हा फरक नीट समजून घ्यावा, कारण इथे खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. जंगल वाचवण्यासाठी आपण चुकीचं कारण दिलं, तर समोरचा वकील किंवा अभियंता एका ताळेबंदात ते खोडून काढेल. मग आपलं बरोबर असलेलं कारणही कुणी ऐकणार नाही. आवडत्या गोष्टीच्या बाजूने बोलताना जास्त काटेकोर राहावं लागतं.

वाटेवर काय मोजायचं?

हिशेब घरी बसून झाला. मग चालायचं कशाला? कारण काही गोष्टी फक्त ओढ्याकाठी कळतात.

सगळ्यांत स्वस्त मोजणी प्रवाहाची. ओढ्याचा दहा मीटरचा बऱ्यापैकी सरळ पट्टा निवडा. दोन्ही टोकांना खूण करा. एखादं संत्रं किंवा लाकडाचा तुकडा सोडा आणि स्टॉपवॉच लावा. असं निदान पाच वेळा करून सरासरी घ्या. पात्राची रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली मोजा. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून वेगाला साधारण ०.८५ ने गुणायचं. समजा रुंदी ३ मीटर, सरासरी खोली २० सेंटिमीटर, वेग सेकंदाला अर्धा मीटर. गुणाकार येतो सेकंदाला २५५ लिटर. घोट्याच्या थोडं वर पाणी असलेला ओढा! पण दिवसभर असाच वाहिला तर २.२ कोटी लिटर होतात. म्हणजे तुळशीतून मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त. ओढ्याकडे बघून हे कधी वाटलं असतं का?

दुसरी गोष्ट, ओढ्यातला पालापाचोळा. डोंगरातला लहान ओढा सावलीत असतो, त्यामुळे पाण्यात शेवाळ कमी वाढतं. तिथल्या किड्यांचं पोट भरतं ते काठच्या झाडांच्या पानांवर. खाली नदी रुंद होते, ऊन पडतं, शेवाळ वाढतं आणि खाणारे जीवही बदलतात. व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली. उगमापासून मुखापर्यंत नदी ही एक सलग बदलत जाणारी व्यवस्था आहे, असं तिचं सूत्र. कल्पना सुंदर आहे, पण ती मांडली गेली उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवरून. आपले ओढे जुलैत रोरावतात आणि एप्रिलमध्ये नुसते डोह उरतात. मग ते सूत्र इथे जसंच्या तसं लागू होईल का? असा प्रश्न तुम्हाला वाचताना पडला, तर तो लगेच वहीत लिहून ठेवा. परदेशी सिद्धांत आणि आपला ओढा यांच्यामधल्या फटीत चांगले विषय सापडतात.

तिसरी गोष्ट कान्हेरीला बघा. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या शिलालेखांत त्यांना "पोढी" म्हटलेलं आहे. कातळावर चर खोदून पावसाचं पाणी टाक्यात उतरवलेलं दिसतं. म्हणजे पाणलोट किती आणि साठवण किती, हा हिशेब याच डोंगरावर कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी करत होतं. आपला विषय आपल्यापासून सुरू झालेला नाही, याची आठवण ठेवणं प्रत्येक संशोधकाला बरं.

पायरी ३: वाट कुठे फसवते ते ओळखा

पायवाट ही जंगलाचा नमुना नसते. ती माणसाला चालायला सोपी अशी रेघ असते. ती पाण्याच्या जवळून जाते, तीव्र चढ टाळते, पाड्यांना जोडते. वाटेच्या कडेला ऊन जास्त पडतं, रोपं तुडवली जातात, तण वाढतं. त्यामुळे वाटेवर दिसलेली झाडं आणि पक्षी मोजून "उद्यानात अमुक इतक्या प्रजाती आहेत" असं लिहिलं, तर ते वाटेबद्दलचं विधान होईल, उद्यानाबद्दलचं नाही. ई-बर्डसारख्या ठिकाणी लोकांनी भरलेल्या नोंदी नकाशावर टाकून बघा. ठिपके रस्त्यांना आणि वाटांना चिकटलेले दिसतील. पक्षी रस्त्यालगतच राहतात असं नाही. माणसं रस्त्यावरून बघतात.

पण हाच कल कधी कधी कामालाही येतो. बिबटे जंगलात चालताना मळलेल्या वाटा पसंत करतात. म्हणून त्यांच्या मोजणीसाठी कॅमेरे मुद्दाम वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, त्यावरून एकेक जनावर ओळखता येतं. निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या अभ्यासातून या उद्यान परिसरात ३५ बिबटे असल्याचा अंदाज पुढे आला, तो अशाच पद्धतीने. म्हणजे एकच वाट झाडांच्या अभ्यासात दोष ठरते आणि बिबट्याच्या अभ्यासात साधन. कल सगळीकडेच असतो. तो कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला माहीत आहे का, हा खरा प्रश्न.

वाटेसारखंच वर्षही फसवतं. इथल्या उतारांवर कारवी भरपूर आहे. ती सात-आठ वर्षांतून एकदाच एकत्र फुलते. २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. ज्याच्या फील्डवर्कचं एकमेव वर्ष २०२४ असेल, त्याला मधमाश्यांचा सुकाळ दिसेल. पुढच्या वर्षी येणाऱ्याला त्याच जागी वाळलेल्या काड्या दिसतील. दोघांचा डेटा खरा, दोघांचे निष्कर्ष मात्र अपुरे.

परवानगीशिवाय पाऊल नाही

"थोडं आत जाऊन तुळशीचं पाणी बाटलीत भरून आणलं तर कुणाला कळणार?" असा विचार मनात येऊ शकतो. आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ मध्ये अशा क्षेत्रात अभ्यासासाठी प्रवेश देण्याची तरतूद आहे. अर्ज वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडे जातो, आणि तलाव महापालिकेच्या ताब्यात असल्यामुळे तिचीही संमती लागते. याला वेळ लागतो. म्हणून प्रपोजलच्या वेळापत्रकात परवानगी ही स्वतंत्र ओळ ठेवा आणि पहिला पावसाळा हातातून जाऊ शकतो हे धरूनच चाला. विनापरवाना घेतलेला नमुना प्रबंधात वापरता येत नाही, आणि तुमच्यामागून येणाऱ्यांचं दारही बंद होतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर वाटेवर थांबू नका, एकटे जाऊ नका, आणि पावसाळ्यात वरच्या अंगाला ढग दिसले तर पात्रातून ताबडतोब बाहेर या. इकडे ऊन असलं तरी पाणी वरून येतं.

आणि सोबत येणाऱ्या माणसाबद्दल. येऊरच्या आणि उद्यानातल्या पाड्यांवर वारली, महादेव कोळी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात. कुठला डोह मे महिन्यात आटत नाही, कुठल्या ओढ्याला पहिल्या पावसानंतर किती तासांत लोंढा येतो, हे तुम्हाला कुठल्याही उपग्रहाच्या चित्रात मिळणार नाही. ते त्यांच्याकडून कळलं, तर ते "स्थानिकांच्या मते" अशा दोन शब्दांत गुंडाळू नका. विचारून, त्यांची हरकत नसेल तर नावानिशी श्रेय द्या, आणि मजुरी वेळेवर द्या.

कल्याण-डोंबिवलीकरांसाठी गृहपाठ

तुमच्या घरापासून तुळशी लांब वाटत असेल, तर तुमच्या नळाकडे बघा. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी येतं. नदी खंडाळ्याजवळच्या दरीतून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणच्या खाडीकडे येते. आता वरची पहिली पायरी लावा: उल्हासचा पाणलोट आखा. सह्याद्रीच्या कड्यावर रेघ थांबेल. मग दुसरी पायरी लावा. एप्रिल-मे महिन्यात, महिनोन्‌महिने पाऊस नसताना, नदीत पाणी कुठून येतं?

मोठा वाटा येतो तो कड्याच्या पलीकडून. मावळातल्या आंध्र नदीवर टाटांचं ठोकरवाडी धरण आहे. ती नदी मुळात पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारी. धरणाचं पाणी कड्यावरून खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात सोडतात. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. वीज तयार झाली की तेच पाणी उल्हासला मिळतं. म्हणजे डोंबिवलीत उन्हाळ्यात भरलेल्या हंड्यातलं काही पाणी निसर्गाच्या हिशेबाने बंगालच्या उपसागराला जायचं होतं! नुसत्या उतारावरून काढलेला पाणलोट हे कधीच सांगणार नाही. तुळशीला जे लहान प्रमाणात झालं, तेच इथे मोठ्या प्रमाणात झालंय.

पावसाळ्यात याच्या बरोबर उलट. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. एकाच नदीचा एप्रिल आणि जुलै इतका वेगळा असताना तिचा "सरासरी प्रवाह" हा आकडा कुणाच्या उपयोगाचा? पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याच्या की पूरनियंत्रणाच्या? की दोघांच्याही नाही? यावर एक पान लिहून बघा. गाइडकडे न्यायला विषय हवा असेल, तर त्या पानातून नक्की मिळेल.

जाता जाता, कुठल्याही विषयाला लावता येईल असं एक काम. तुमचा संशोधनाचा प्रश्न एका ओळीत लिहा. खाली तीन ओळी रिकाम्या ठेवा. पहिलीत लिहा, माझी सीमा कुठे आहे आणि ती कुणी आखली. दुसरीत, माझ्या हिशेबातलं मोजलेलं काय आणि धरलेलं काय. तिसरीत, मी ज्या वाटेने बघतोय किंवा बघतेय तिथून काय दिसत नाही. तिसरी ओळ भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. लागू द्या. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येतो, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून असेल तर तोंडी परीक्षेत घाम फुटत नाही.

पुढच्या लेखात प्रवाहाच्या मोजणीतली त्रुटी कशी काढायची ते बघू. तोवर एखाद्या ओढ्याकाठी जाऊन या. संत्रं आणि स्टॉपवॉच विसरू नका.